डावा हात खिशात

सातारा
२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आबा, सलाम.

हे पत्र मी तीन महिने टाळलं. नेमबाजीच्या या रेंजवर कामाला चिकटवून दिलंत तेव्हा तुमची एकच अट होती, महिन्याला एक पत्र, तेही कागदावर. पलटणीतल्या गोळीबारानं कान नेले त्या माणसाला फोनचा काय उपयोग, असं तुम्हीच म्हणाला होता. दोनदा पाकीट आणलं. एकावर दोस्ताच्या, साईराजच्या टेंपोचा नवा नंबर लिहिला, दुसऱ्यात शेंगदाणे ठेवले. आज रेंज बंद आहे, शेंगदाणे संपलेत, आणि विचारायला दुसरं कुणी नाही.

गोष्ट आपल्या मदिहाची आहे. तुम्ही तिला बघितलं ते तुमच्या दोस्ताच्या, आमच्या महंमद आजोबांच्या चाळिसाव्याला, तेव्हा ती शाळेत होती. आता माझी ती बहीण एकोणीस वर्षांची आहे. शिरवळहून पहिल्या एसटीनं निघते आणि साडेसातला लाइनवर उभी राहते. पॉइंट टू-टूचं पिस्तूल मारते. आमच्याकडं ते एकच आहे, बाकी सगळी हवेवरची. माझं काम टार्गेट लावणं, रिकामी पितळं गोळा करणं, आणि शस्त्रं ज्यांच्या ताब्यात असतात त्या साहेबांसमोर बसून पिस्तूल पुसणं.

तर महिना झाला, गोळी फुटत नाही. म्हणजे बाकी फुटतात आणि मधेच एखादी नुसती टिक करते. मग नियमाप्रमाणं नळी समोरच धरून तीस आकडे मोजायचे आणि डावा हात वर करून शिकवणाऱ्या सरांची वाट बघायची. एरवी तो डावा हात खिशात असतो. पिस्तूलवाले सगळे तसेच उभे राहतात. मला आधी वाटायचं ऐट करतात, पण त्यानं अंग हलत नाही म्हणे. मदिहाचा डावा हात आता खिशात कमी आणि वर जास्त असतो.

त्याहून वाईट म्हणजे तिच्या मनात भीती बसलीय. टिक होणार असं वाटून ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट खाली जातं, आणि चांगली गोळीसुद्धा दहाच्या गोलाऐवजी सातावर लागते. पाच जानेवारीला निवड चाचणी आहे. क्लबातून या पिस्तुलासाठी एकच मुलगी जाणार. दुसरी आहे चंदनबाला, ती कॉलेज करून दुपारी येते, आणि तिच्या हातात तेच पिस्तूल, त्याच डब्यातल्या गोळ्या, एकदाही अडत नाही. त्यामुळं आमचे इंद्रजित सर म्हणतात, दोष पोरीच्या पकडीत आहे.

माझं म्हणणं, नवा लॉट खराब आहे. गोळी खराब आहे हे सिद्ध कसं करतात ते कळवा. परवा रेंजच्या मागं एक बैल सुटून आला होता आणि... जाऊ दे, ते पुढच्या वेळी.

तुमचा
तारिक


कवठे महांकाळ
३० नोव्हेंबर

चि. तारिक, आशीर्वाद.

गोळीला बदनाम करायच्या आधी गोळीलाच इचार.

टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला मधी नसतो, बुडाच्या कडंला असतो. पिन त्या कडंवर आपटती, तितं खड्डा पडतो. न फुटलेली परत्येक गोळी सरांच्या देखत बाजूला काढ. कवा अडली, कितवी होती, कागदावर लिही. मग भिंग घेऊन खड्डा बघ. खड्डा खोल असून फुटली न्हाई तर दोष गोळीचा. खड्डा उथळ असल तर पिन जोरात पोचत न्हाई, दोष पिस्तुलाचा. अन् पिस्तुलाचा दोष म्हंजी निम्म्या वेळा साफ करणाऱ्याचा. हे मी तुला बोलत न्हाई, समद्यांनाच बोलतो.

दुसरं. साफ करताना नळीतनं निघालेली चिंधी अन् पिन ज्यात बसती त्यो बोल्ट पुसलेली चिंधी, दोन्ही पाकिटात घालून मला धाड. डाक्टर जीभ बघतो तसा आर्मरर, पलटणीत हत्यारं दुरुस्त करणारा माझ्यासारखा, चिंधी बघतो. नळी आरशागत झाली पायजे.

पोरीला सांग, महंमदची नात हाय, तिचं मनगट उगं खाली जायचं न्हाई.

बैलाचं काय झालं ते लिव्हायचं व्हतं.

नाथाजी


सातारा
८ डिसेंबर

आबा, सलाम.

बैल आमच्या टार्गेटचा पुठ्ठा खाऊन गेला, तोही मदिहानं मारलेला, मधल्या दहाच्या गोलासकट. सर म्हणाले, हिच्या दहाला कुणीतरी दाद दिली.

आता गोळ्या. आठ दिवसांत नऊ अडल्या. कागद केलाय. साडेसातला तीन, पावणेआठला दोन, आठला एक, साडेआठला दोन, नऊला एक. नऊनंतर एकही नाही. यातून काही अर्थ निघत नाही. सकाळी मदिहा एसटीतून उभी राहून आलेली असते, तेवढं एक.

खड्डे म्हणाल तर नखानं ओढल्यासारखे आहेत. आणि गंमत ऐका. त्यातल्या नऊच्या नऊ गोळ्या सरांनी दुपारी जरा फिरवून पुन्हा भरल्या, त्यातल्या आठ फुटल्या. म्हणजे लॉट इतका वाईट आहे की दोनदा मारल्याशिवाय गोळी ऐकतच नाही. माझ्या मते हा पुरावा झाला.

एक गोष्ट मात्र तुमची चुकली, रागावू नका. तुमच्या सांगण्यावरून नळी आरशासारखी केली आणि दुसऱ्या दिवशी मदिहाच्या पहिल्या दहा-बारा गोळ्या वाऱ्यावर गेल्या. सर माझ्यावर असे भडकले की त्यांचा चहा गार झाला. टू-टूची गोळी शिशाची असते, वर मेणाचा हात दिलेला असतो. त्याचा पातळ लेप नळीत बसला की मगच गोळी जागेवर जायला लागते. तो लेप रोज खरवडून काढायचा नसतो. पुसायचं ते चेंबर, जिथं गोळी बसते. तिथं मेण आणि काजळी साचते आणि पुढची गोळी पुरती आत जात नाही. तुमची रायफल वेगळी, हे वेगळं.

सरांनी सांगितलंय, एक जानेवारीला ठरवीन कुणाचं नाव पाठवायचं. त्यांचा कल चंदनबालाकडं आहे. मदिहा घरी पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरते आणि भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत उभी राहते. अम्मी म्हणते, भिंत पडेल पण ही हलायची नाही. काल मी विचारलं, कशाला एवढं? तर म्हणाली, "भाई, सर म्हणतात हात माझा खराब आहे. मग हातच पक्का करते, दुसरं माझ्याकडं काय आहे?"

चिंध्या पाकिटात आहेत.

तारिक


कवठे महांकाळ
१३ डिसेंबर

चि. तारिक,

नळीचं तुझं बरोबर, माझं चुकलं. मी रायफलवाला. पंच्याहत्तराव्या वर्षी शिकलो, बरं झालं.

चिंध्या पोचल्या. नळीची चिंधी ठीक हाय, काळी अन् जरा मेणकट. बोल्टची चिंधी मात्र मी नाकाला लावली. कान गेलं तरी नाक हाय अजून. मग आमची सून अंजना, तिला दिली. काय सांगितलं न्हाई, नुसतं म्हणलं, वास कशाचा? ती म्हणली, आवं मामा, ह्यो तर डोक्याच्या तेलाचा.

आमच्या न्हाणीत खोबरेलाची बाटली हाय. सकाळी पांढरी दगडागत गोठती. अंजना ती उन्हात ठेवती, धाच्या सुमाराला पाणी व्हती. तुझ्या घरात बी आसंल.

आता तुझा कागद काढ अन् परत वाच. साडेसात, पावणेआठ, आठ, नऊ. नऊच्या म्होरं एक न्हाई. दुपारच्या पोरीला एक बी न्हाई.

रेंजवर बंदुकीचं तेल कोण आणतं? बाटलीत काय हाय?

मला उत्तर पायजे. भिऊ नगंस, पर उत्तर दे.

नाथाजी


खंडाळा
२३ डिसेंबर

आबा,

तुमचं पत्र मिळून सहा दिवस झाले. मी साताऱ्यात नाही. पत्र वाचलं त्याच दिवशी साईराजच्या टेंपोत बसलो. तो पुठ्ठ्याची खोकी घेऊन फिरतो, शिरवळच्या कारखान्यांतून इकडं तिकडं. सहा दिवस त्याच्याबरोबर खोकी उतरवली. रेंजवर सांगितलं नाही, घरी सांगितलं की क्लबचं काम आहे. आत्ता स्टँडसमोरच्या टपरीवर बसून लिहितोय. साईराज टायर बघतोय.

तेल मी आणतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरांनी मला पुण्याला धाडलं होतं, बंदुकीचं तेल संपलं म्हणून. शिरवळला गाडी थांबली, खाली उतरलो तर साईराज दोन खिलार बैल घेऊन शर्यतीला निघालेला. त्यातला एक बैल असा होता आबा, की त्याच्या पाठीवरून पाण्याचा थेंब ओघळला तर वाटेत अडायचा नाही. टेंपोत बसलो. दोन दिवस गेले. परत जाताना लक्षात आलं की तेल राहिलं. घरी अम्मीची खोबरेलाची बाटली होती. बंदुकीच्या तेलाची रिकामी बाटली माझ्या पिशवीतच होती. त्यात ओतलं. म्हटलं, अम्मीची शिलाई मशीन खोबरेलावर चालते, दोन दिवस पिस्तूल चालायला काय हरकत आहे.

दोन दिवसांनी आणणार होतो. पण पिस्तूल मस्त चाललं. ऑक्टोबरचं ऊन होतं ना. पुढं मी विसरूनच गेलो, हे खरंच सांगतो. नोव्हेंबरात गोळ्या अडायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात तेल आलं नाही. तुम्ही चिंधी मागितली तेव्हाही आलं नाही, नाहीतर पाठवली असती का? तुमचं पत्र उघडलं आणि सगळं एकदम आलं. साडेसात, पावणेआठ. कागद मीच लिहिलेला.

आता सांगायचं कुणाला आणि कसं? सरांना सांगितलं तर काम जाईल. ते जाऊ दे, माझी कामं जातच असतात. तुम्हीच मोजा, कारखाना, ढाबा, मंडप, हे चौथं. पण मदिहा? ती बाटली धरून उभी राहते आबा. दंडात पेटके येतात तिच्या. तिचा हात कधी खराब नव्हताच.

टायर झाला. साईराज म्हणतो पुढं कोकणात उतरू, समुद्र बघू. मी समुद्र बघितलेला नाही.

पण मी साताऱ्याची गाडी बघतोय. उद्या सांगतो. हे तुम्हाला लिहिलं की मागं फिरता येणार नाही, म्हणून लिहिलं.

तारिक


कवठे महांकाळ
२७ डिसेंबर

चि. तारिक,

हे पत्र पोचंल तवर तू सांगितलं असशील असं धरून लिहितो. पयलं बहिणीला, मग सरांना. उलटं केलं असशील तर माफी माग.

पिस्तुलाला आता तू एकट्यानं हात लावू नगंस. साहेबांना सांग बोल्ट पुरा खोलाय. पिन ज्या बोगद्यातनं म्होरं जाती त्यो बोगदा हत्यार धुवायचं खरं औषध घालून धुवा, कोरडा करा, चिंधी पांढरी निघंस्तवर. तितं तेलाचं बोट बी नगं. बाकी घासणाऱ्या जागी एक टिपूस, तेबी सुईच्या टोकानं. तेल जास्त म्हंजी माया जास्त न्हवं. मग सकाळी साडेसातला, थंडीत, पन्नास गोळ्या मारून बघा. दुपारची परीक्षा धरायची न्हाई.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई, माझ्या बायकोला बी न्हाई.

डोंगरातल्या पोस्टवर आमी व्हतो, लय थंडी. वर जायच्या आधी रायफलींचं जाड ग्रीस काढून पातळ तेल लावायचं काम माझं. एक रायफल ऱ्हायली. ती महंमदची, तुझ्या आज्याची. वर मोठं साहेब बघायला आलं, रायफल मारून दावा म्हणलं. महंमदची टिक झाली. ग्रीस गोठलेलं. साहेब म्हणलं, जवान हत्यार संभाळत न्हाई. महंमदनं सात दिस पाठीवर वझं घिऊन त्या डोंगरावर धाव काढली. त्याला ठावं व्हतं चूक कुणाची. मी बाजूला हुबा. तोंड उघडलं न्हाई. त्यानं बी न्हाई.

पुढं चाळीस वर्सं आमी दोस्त ऱ्हायलो. एका ताटात जेवलो. त्यानं एकदा बी काढलं न्हाई, अन् मी आज सांगतो, उद्या सांगतो करत त्याच्या चाळिसाव्याला आलो.

चिंधी नाकाला लावल्यावर मला लगीच उमगलं ते म्या लय हुशार म्हणून न्हाई.

तू सहा दिस पळालास. मी चाळीस वर्सं. तू बरा.

नाथाजी


सातारा
५ जानेवारी २०२५, रविवार, सकाळ

आबा, सलाम.

रेंजच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर दगडावर बसून लिहितोय. आत जायची मला बंदी आहे. पण पत्र्याला एक भोक आहे. पूर्वी तिथं खिळा होता, तो मीच उपटला होता, का ते आठवत नाही.

सांगितलं. चोवीस तारखेला, आधी मदिहाला, स्टँडवरच, ती एसटीतून उतरली तेव्हा. सगळं सांगितलं, बैलासकट. ती बुटाची नाडी बांधत होती. ऐकत बांधत राहिली, सोडली, परत बांधली. मग म्हणाली, "दोन महिने मी माझ्याच हाताला शिव्या देत होते." आणि गेली. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. घरी मी बसलो की उठते. अम्मी दोन ताटं वेगळी वाढते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि टार्गेट आणि तेल ठेवतो त्या खोलीची माझ्याकडची किल्ली मागितली. ओरडले नाहीत, ते वाईट वाटलं. साहेबांनी बोल्ट खोलला तेव्हा मात्र मला समोर बसवलं, बघ म्हणाले. आतून जे निघालं ते शिऱ्यावरच्या तुपासारखं होतं. तुमचं पत्र आलं ते मी फाटकातून आत दिलं, त्यातलं पिस्तुलाचं पान तेवढंच. दुसरं पान माझ्याकडं आहे. ते कुणाला दाखवणार नाही. आजोबांच्या कबरीवर मात्र जाऊन आलो. तुमचं पान मोठ्यानं वाचलं नाही, पण त्यातलं सांगितलं.

नंतर सकाळी साडेसातला पन्नास मारल्या. पन्नासही फुटल्या. सरांनी दोघींचीही नावं पाठवली, म्हणाले चाचणीतच ठरू दे. चिठ्ठ्या काढल्या तर मदिहाची पाळी पहिली आली, आठ वाजता. पिस्तूल एकच, म्हणून चंदनबाला नंतर. आज इथं हात चोळल्याशिवाय पेन धरता येत नाही एवढी थंडी आहे.

भोकातून मला तिचा चेहरा दिसत नाही, टार्गेटही दिसत नाही. दिसतो तो फक्त तिचा डावा हात, खिशात घातलेला, कोपरापासून खाली. आवाजाचं तुम्हाला काय सांगू, तुम्ही ऐकला असता तर तुम्हाला फटाकडीच वाटली असती. पण हात तुम्हालाही दिसला असता. म्हणून हात लिहितो.

पहिल्या पाच. हात खिशात.

दुसऱ्या पाच. चौथ्या गोळीला लय वेळ लागला. हात जरा हलला, खिशातच मूठ झाली. मग फुटली. मनगट खाली गेलं का ते मला इथून कळत नाही. पाचवी लगेच फुटली.

तिसऱ्या पाच, हात खिशात.

मधे एक कुत्रं येऊन माझ्या पायाशी बसलंय. एरवी मी त्याच्या मागं गेलो असतो, त्याला पाटील म्हणावं अशी पांढरी मिशी आहे. आज नाही.

चौथ्या. पाचव्या. हात खिशात.

सहाव्या पाच संपल्या. तीसच्या तीस फुटल्या, आबा, सव्वाआठच्या थंडीत. हात एकदाही वर गेला नाही. गुण किती झाले ते माहीत नाही. ते आता तिचं आहे, पिस्तुलाचं नाही आणि माझंही नाही. अजून दुसरा टप्पा आहे, तीन सेकंदात एक गोळी, तोही तीस गोळ्यांचा. त्याच्या आधी कुणीतरी चेंबर पुसायला हवं. तीस गोळ्यांचं मेण साचलंय, भराभर मारताना तिथंच गोळी अडते. साहेब पुसतील. त्यांना घाई असते, ते नळीच पुसत बसतात, मी कितीदा सांगितलं. इथून ओरडून सांगता येत नाही. कागदावर लिहून फाटकातून

आबा, फाटक उघडलं. मला वाटलं सर. सर नाहीत. मदिहा आहे. नेम धरताना एका डोळ्यावर असते ती पट्टी कपाळावर सरकवलीय, हात निळे पडलेत, आणि चाचणी मधेच टाकून ती इथं माझ्यासमोर उभी आहे. म्हणाली, "सरांना विचारून आलेय. पाच मिनिटं दिलीत. चेंबर तू पुसायचं, साहेब समोर बसतील." मी उठलो तर म्हणाली, "नुसतं कापड, भाई. तेलाला हात लावलास तर बघ."

जातो.